व्यास आणि विदारण : महारोहिणी-विस्फाराच्या प्रतिमाचित्रणाची एक चिकित्सा

१

उदरातील महारोहिणीचा विस्फार, ज्याला वैद्यकीय व्यवहारात अ‍ॅन्युरिझम म्हणतात, हा बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढणारा रोग आहे. वृक्कांना जाणाऱ्या रोहिण्यांच्या खाली महारोहिणीचा व्यास प्रौढ माणसात सुमारे २ सें.मी. असतो. तो ३ सें.मी. किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे विस्फार झाला असे मानण्याचा परिपाठ आहे. विस्फार फुटला असता बहुसंख्य रुग्ण दगावतात आणि त्यांपैकी पुष्कळांना रुग्णालयापर्यंतही पोहोचता येत नाही. दुसऱ्या बाजूने, न फुटलेल्या विस्फारावर करावयाची शस्त्रक्रिया हीही सर्वस्वी निर्धोक नाही. म्हणून विस्फाराचे निदान झाल्यानंतर खरा बिकट प्रश्न सुरू होतो : हा विस्फार, ह्या रुग्णात, फुटण्याचा संभव किती आहे, आणि तो शस्त्रक्रियेच्या धोक्याहून अधिक आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर प्रतिमेतून मिळावे, ही अपेक्षा अनेक दशकांच्या संशोधनाला प्रेरक झाली आहे. त्या अपेक्षेची कितपत पूर्तता झाली, आणि ज्या पुराव्याच्या आधारे ती झाल्याचे सांगण्यात येते तो पुरावा कितपत भक्कम आहे, याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

२

प्रारंभी ह्या रोगासंबंधीचे ज्ञान प्रतिमेवर आधारलेले नव्हते. १९५० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील एस्टिस याने १०२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पाचांत एकाहूनही कमी होते आणि मृत्यूंपैकी अधिकांश विदारणामुळे झाले होते. १९५१ साली पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त याने विस्फारित भाग काढून तेथे दुसरी वाहिनी जोडली आणि ह्या रोगावर मुळाशी जाणारा इलाज प्रथमच शक्य झाला. तोपर्यंत शल्यचिकित्सकाच्या हाती फारसे काही नव्हते. अ‍ॅल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या विस्फाराला १९४८ साली रुडॉल्फ निसेन याने सेलोफेनचे वेष्टन घातले, ते ह्याच अगतिकतेतून. त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९५५ च्या एप्रिलमध्ये, तो विस्फार फुटून आइन्स्टाइन यांचा अंत झाला.

१९६१ साली इयन डोनाल्ड व टॉम ब्राउन यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साह्याने उदरातील विस्फार दाखवून दिला. पुढील दशकात हौन्सफील्ड याच्या संगणकीय क्ष-किरण तंत्राने, म्हणजे सीटी स्कॅनने, त्याची आडवी छेदचित्रे उपलब्ध करून दिली. विस्फाराचे मापन आता पोट न उघडता, पुन्हा पुन्हा आणि अल्प श्रमात होऊ लागले. मापन सुलभ झाले की मापलेली राशी हीच रोगाचे सारसर्वस्व आहे असे वाटू लागते. व्यासाच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या सिलाज्यी याने लहान व मोठा विस्फार यांमधील सीमा ६ सें.मी. धरली होती. आज पुरुषांसाठी सर्वत्र ५.५ सें.मी. ही सीमा मानली जाते. ही सीमा कोठून आली, हे पाहिल्याशिवाय पुढील कोणत्याही विवेचनाला अर्थ प्राप्त होत नाही.

३

५.५ सें.मी. ह्या आकड्याला दोन मोठ्या चाचण्यांचा आधार आहे. ब्रिटनमधील लघु-विस्फार चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात ४.० ते ५.५ सें.मी. व्यासाचा विस्फार असलेले १०९० रुग्ण होते. निम्म्यांवर तत्काळ शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. उरलेल्यांना सोनोग्राफीच्या नियमित देखरेखीखाली ठेवण्यात आले आणि व्यास ५.५ सें.मी. च्या वर गेला, वर्षात १ सें.मी. हून अधिक वाढला, किंवा विस्फार दुखू लागला, तरच शस्त्रक्रिया करावयाची असे ठरले. अमेरिकेतील युद्धनिवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या, ११३६ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. दोहोंचा निर्णय एकच होता : तत्काळ शस्त्रक्रियेने आयुर्मर्यादा वाढत नाही. देखरेखीखालील गटात विदारणाचे प्रमाण पहिल्या चाचणीत वर्षाला सुमारे १ टक्का, तर दुसरीत ०.६ टक्के इतके अल्प होते. तत्काळ शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतील मृत्यू पहिल्या चाचणीत ५.८ टक्के आणि दुसरीत २.१ टक्के होते.

ह्या चाचण्यांची रचना उत्तम होती आणि त्यांचा निष्कर्ष अद्यापि अबाधित आहे. तथापि त्यांनी कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. 'ह्या आकाराच्या विस्फारांच्या समूहात वाट पाहण्याचे धोरण शस्त्रक्रियेच्या धोरणाहून वाईट आहे काय?' असा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले. ५.५ सें.मी. पाशी भिंतीचे गुणधर्म पालटतात असे त्यांनी दाखविले नाही. तसे दाखविणे त्यांचे उद्दिष्टही नव्हते. ५.५ हा आकडा चाचणी आखणाऱ्यांनी आधीच ठरविलेला होता. तो चाचणीतून निष्पन्न झाला नाही. धोरणाची सीमा आणि निसर्गाची सीमा यांत गल्लत केल्यामुळे ५.४ चा विस्फार 'सुरक्षित' आणि ५.६ चा 'धोकादायक' अशी भाषा रूढ झाली आहे. तिला आधार नाही.

एकाच व्यासाला सर्वकाळी एकच धोका चिकटलेला असतो, हे गृहीतही टिकत नाही. शस्त्रक्रिया नाकारलेल्या किंवा तिला अपात्र ठरलेल्या १९८ रुग्णांचे निरीक्षण लेडर्ली व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. त्यात ५.५ ते ५.९ सें.मी. च्या विस्फारांत एका वर्षातील विदारणाचे प्रमाण ९.४ टक्के आणि ७ सें.मी. वरील विस्फारांत ३२.५ टक्के होते. २०१५ साली पार्किन्सन व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे ५.५ ते ६.० सें.मी. साठी ३.५ टक्के आणि ७ सें.मी. वरील गटासाठी केवळ ६.३ टक्के असे आहेत. रुग्णांची निवड, धूम्रपानाचे प्रमाण, रक्तदाबावरील उपचार आणि मृत्यूचे कारण निश्चित करण्याची पद्धती यांत फरक पडला की धोक्याचा आकडा किती बदलतो, हे ह्या तफावतीवरून दिसते. व्यास हा धोक्याचा एक निर्देशक आहे. त्याला धोक्याचे परिमाण समजणे ही चूक आहे.

४

व्यासाची मोजणीसुद्धा दिसते तितकी सरळ नाही. सोनोग्राफीत भिंतीच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत माप घेता येते. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतही घेता येते. दोहोंतील अंतर सरासरीने सुमारे ३ मि.मी. भरते. ब्रिटनच्या लघु-विस्फार चाचणीत बाह्य कडांची पद्धत वापरली होती. ६७,८०० पुरुषांवर झालेल्या आणि सामूहिक चाळणीची उपयुक्तता सिद्ध करणाऱ्या २००२ च्या ब्रिटिश चाचणीत, तसेच २००९ पासून सुरू झालेल्या इंग्लंडच्या राष्ट्रीय चाळणी-योजनेत, आतल्या कडांची पद्धत स्वीकारलेली आहे. परिणामी एकाच माणसाचा एकच विस्फार एका पद्धतीने ५.३ आणि दुसरीने ५.६ भरू शकतो. सीटी स्कॅनवरील माप सोनोग्राफीपेक्षा बहुधा काही मि.मी. ने अधिक येते. वाहिनी वाकडी असली तर छेद तिच्या अक्षाला काटकोनात घेतला की शरीराच्या अक्षाला, यावरही आकडा बदलतो. शिवाय दोन निरीक्षकांच्या मापांत काही मि.मी. चा फरक पडणे नित्याचे आहे.

हा काथ्याकूट निरर्थक वाटण्याचा संभव आहे. परंतु ३ सें.मी. च्या विस्फाराची वार्षिक वाढ सरासरीने सव्वा मि.मी. आणि ५ सें.मी. च्या विस्फाराची साडेतीन मि.मी. च्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर मापनपद्धतीतील फरक हा एकाहून अधिक वर्षांच्या वाढीइतका असू शकतो, असे दिसून येईल. ज्या शोधनिबंधात कोणत्या कडा मोजल्या हे नमूद नाही, त्यातील व्यासविषयक निष्कर्षाची तुलना इतरांशी करता येत नाही. आणि असे निबंध दुर्मिळ नाहीत.

५

व्यासाविषयीच्या असमाधानाला मोठी चालना मिळाली ती १९७७ सालच्या डार्लिंग व सहकाऱ्यांच्या शवविच्छेदनावरील निबंधाने. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील सुमारे २४,००० शवविच्छेदनांत शस्त्रक्रिया न झालेले ४७३ विस्फार आढळले. त्यांपैकी ११८ फुटलेले होते. ५ सें.मी. किंवा त्याहून लहान विस्फारांतही सुमारे १३ टक्के फुटलेले होते, तर त्याहून मोठ्यांपैकी सुमारे ६० टक्के शेवटपर्यंत शाबूत राहिले होते. नव्या निर्देशांकांचा पुरस्कार करणारा क्वचितच एखादा निबंध हे आकडे उद्धृत केल्यावाचून राहतो. मात्र ते उद्धृत करताना एक गोष्ट वगळली जाते. मृत शरीरात रक्ताचा दाब नसतो, म्हणून विस्फार जिवंतपणी असतो त्याहून लहान भरतो. फुटून रिकामा झालेला विस्फार तर विशेषच. शवावर मोजलेले ५ सें.मी. आणि जिवंत माणसाच्या सोनोग्राफीतील ५ सें.मी. ह्या एकाच जातीच्या राशी नव्हेत. लहान विस्फारही फुटतात हा त्या निबंधाचा गुणात्मक निष्कर्ष मान्य करावा. त्याचे टक्के आजच्या देखरेखीतील रुग्णांना लावू नयेत.

व्यासाला पर्याय म्हणून जो विचार पुढे आला तो यंत्रशास्त्रातून. भिंतीतील प्रतिबल तिच्या सामर्थ्याहून अधिक झाले की भिंत फाटते, हे त्याचे मूलतत्त्व निर्विवाद आहे. पातळ भिंतीच्या नळीत प्रतिबल हे दाब व त्रिज्या यांच्या गुणाकाराला जाडीने भागले असता मिळते. हा लाप्लासच्या नियमाचा परिचित आविष्कार होय. १२० मि.मी. पारा हा दाब म्हणजे १६ किलोपास्कल, त्रिज्या २७.५ मि.मी. आणि जाडी १.५ मि.मी. धरली तर प्रतिबल सुमारे २९३ किलोपास्कल येते. पण खरा विस्फार सरळ नळीसारखा नसतो. त्याला कोठे फुगवटा, कोठे खोगिरासारखा खोलगट बाक असतो आणि अशा ठिकाणी प्रतिबल एकवटते. म्हणून सीटी स्कॅनवरून त्याचा त्रिमितीय आकार उभा करून, तो हजारो लहान घटकांत विभागून, प्रत्येक घटकातील प्रतिबल संगणकाने काढण्याची पद्धत पुढे आली. राघवन व वॉर्प यांनी २००० साली भिंतीच्या ऊतकाचे गणिती प्रतिमान मांडले. फिलिंजर व सहकाऱ्यांनी २००२ व २००३ मध्ये ते प्रत्यक्ष रुग्णांच्या प्रतिमांना लावले.

फिलिंजर यांचा २००३ चा निबंध ह्या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. विदारणापूर्वी, निरीक्षणकाळात घेतलेल्या प्रतिमा त्यात वापरल्या, हा त्याचा मोठा गुण. फुटल्यानंतरच्या प्रतिमेवरून फुटण्याचे कारण शोधणे म्हणजे परिणामालाच कारण समजण्याचा धोका पत्करणे होय, कारण विदारणाने आकार बदललेला असतो. आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत हा दोष आहे. १०३ रुग्णांत कमाल प्रतिबलाची संवेदनक्षमता ९४ टक्के आणि व्यासाची ८१ टक्के आढळली. परंतु प्रतिबलाची ४४ न्यूटन प्रति चौरस सें.मी. ही सीमा त्याच रुग्णांवरून, सर्वांत चांगला निकाल देईल अशी निवडलेली होती. अशी सीमा नव्या रुग्णसमूहात तितकेच यश देईल अशी खात्री नसते. त्या निबंधाने एक आश्वासक अनुमान दिले. पुढील काळात ते सिद्ध तथ्य म्हणून उद्धृत होत गेले, यात दोष उद्धृत करणाऱ्यांचा आहे.

याहून गंभीर अडचण मूळ सूत्रातच आहे. प्रतिबलाच्या गणनेत भिंतीची जाडी छेदस्थानी येते, आणि ही जाडी नेहमीच्या सीटी स्कॅनवर विश्वसनीयपणे मोजता येत नाही. म्हणून ती सर्वत्र सारखी, बहुधा १.५ ते २ मि.मी., धरण्यात येते. २००६ साली राघवन व सहकाऱ्यांनी काढलेल्या नमुन्यांत जाडी एका विदारणस्थानी ०.२३ मि.मी. पासून चुनखडलेल्या जागी ४.२६ मि.मी. पर्यंत आढळली. जेथे भिंत फाटते तेथेच गृहीत जाडी वास्तवापासून सर्वाधिक दूर असू शकते. १.५ च्या ऐवजी ०.२३ धरल्यास प्रतिबल साडेसहापट होते. इतकी मोठी चूक सामावून घेणाऱ्या गणनेतून दशांश चिन्हानंतरचे अंक काढणे हा केवळ अचूकतेचा आभास होय.

सामर्थ्याची गोष्ट तर प्रतिमेत मुळीच दिसत नाही. इलॅस्टिनचा ऱ्हास आणि कोलॅजनची मांडणी कोणतेही क्ष-किरण दाखवीत नाहीत. वॉर्प यांच्या आणि नंतर स्टॉकहोममधील गासर यांच्या निर्देशांकांत प्रतिबलाला सामर्थ्याने भागलेले असते. तार्किकदृष्ट्या हे योग्य आहे. पण तेथील सामर्थ्य हे वय, लिंग, आनुवंशिकता, गुठळीची जाडी अशा गोष्टींवरून सांख्यिकीय सूत्राने अनुमानिलेले असते. म्हणजे ज्या राशीला रुग्णविशिष्ट म्हटले जाते तिचा अर्धा भाग समूहाच्या सरासरीतून आलेला असतो. विस्फारात साचलेल्या गुठळीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. यांत्रिक दृष्टीने ती भिंतीवरील भार कमी करते. पण तिच्याखालील भिंतीला प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडून ती दुबळी होते, असे वॉर्प यांच्याच २००१ च्या कार्यातून दिसले. एकच घटक अंशाला घटवितो आणि छेदालाही घटवितो. त्याचा निव्वळ परिणाम कोणत्या दिशेने जाईल हे प्रतिमेवरून आधी सांगता येत नाही.

६

आकार अपुरा पडला तेव्हा भिंतीतील रोगप्रक्रियाच प्रतिमेत आणण्याचे प्रयत्न झाले. स्कॉटलंडमधील संशोधकांचा २०१७ चा अभ्यास याचा आदर्श नमुना मानावा लागेल. त्यात ४ सें.मी. वा अधिक व्यासाचे विस्फार असलेल्या ३४२ रुग्णांना लोहभस्माचे अतिसूक्ष्म कण देऊन एमआरआय केला गेला. हे कण दाहक पेशी गिळतात. म्हणून भिंतीत ते दिसणे हे दाहाचे चिन्ह ठरते. असे चिन्ह असलेल्या विस्फारांची वाढ वर्षाला ३.१ मि.मी., तर नसलेल्यांची २.५ मि.मी. होती. विदारण वा शस्त्रक्रिया यांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे ४७.३ व ३५.६ टक्के होते. एवढ्यावरच थांबून विजय घोषित करणे सोपे होते. संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला : व्यास, धूम्रपान इत्यादी आधीच ज्ञात असलेल्या गोष्टींच्या पलीकडे ह्या चिन्हाने काही अधिक सांगितले काय? उत्तर नाही असे आले आणि ते त्यांनी स्पष्टपणे मांडले. नव्या निर्देशकाचे मूल्य त्याच्या एकट्याच्या यशावरून ठरत नाही, तर जुन्यात पडलेल्या भरीवरून ठरते, हा धडा ह्या नकारात्मक निष्कर्षाने दिला. २०१८ साली त्याच परंपरेत सोडियम फ्लोराइडच्या पेट स्कॅनचा ७२ रुग्णांवरील अभ्यास आला. सर्वाधिक शोषण असलेल्या तृतीयांशात वाढ सर्वांत कमी शोषणाच्या तृतीयांशापेक्षा सुमारे अडीचपट होती, आणि हा संबंध व्यासापासून स्वतंत्र होता. हा निष्कर्ष आशादायक आहे. मात्र संख्या अल्प आहे.

दोन्ही अभ्यासांना, किंबहुना ह्या क्षेत्रातील बहुतेक अभ्यासांना, एक समान मर्यादा बाधते. विदारण ही देखरेखीखालील रुग्णांत विरळ घटना असल्याने 'विदारण किंवा शस्त्रक्रिया' असे जोडपरिणाम मोजण्यात येतात. परंतु शस्त्रक्रिया केव्हा करावयाची हे व्यासावरूनच ठरते. म्हणजे व्यासाशी निगडित असे कोणतेही चिन्ह शस्त्रक्रियेचे भाकीत करणारच, आणि ते विदारणाचे भाकीत करते असा भास होणारच. वाढीचा वेग हा परिणाम म्हणून घेतला तरी अडचण सुटत नाही, कारण वाढ आणि विदारण यांचा संबंध असला तरी त्या दोन निरनिराळ्या घटना आहेत. शिवाय मोठे विस्फार शस्त्रक्रियेने दूर केले जात असल्यामुळे, त्यांपैकी कोणते फुटले असते हे कधीच कळत नाही. जो पुरावा सर्वाधिक हवा तोच योग्य उपचारामुळे नाहीसा होतो. ही अडचण कोणाच्या अनास्थेमुळे आलेली नाही. पण ती मान्य न करता निष्कर्ष काढणे मात्र अनास्थेचे लक्षण होय.

७

ह्या वादातून काय निष्पन्न व्हावयाचे, हे स्त्रियांच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. ब्रिटनच्या लघु-विस्फार चाचणीत स्त्रियांचा वाटा सुमारे सहावा होता. अमेरिकेतील चाचणीत जवळजवळ सर्व रुग्ण पुरुष होते. २०१३ साली १८ अभ्यासांतील १५,४७१ रुग्णांची माहिती एकत्र केली असता समान व्यासाच्या विस्फारात स्त्रियांमध्ये विदारणाचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे चौपट आढळले. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी स्त्रियांसाठी ५.० सें.मी. ही सीमा सुचविली आहे. पण तिच्यामागे पुरुषांच्या चाचण्यांसारखा पुरावा नाही. ५.२ सें.मी. च्या विस्फाराने ग्रस्त वृद्ध स्त्रीला काय सल्ला द्यावा, ह्या प्रश्नापाशी व्यासाचे अपुरेपण आणि पर्यायी निर्देशांकांची अपक्वता ही दोन्ही एकदम जाणवतात. ज्यांची महारोहिणी मुळातच अरुंद आहे अशा लोकसमूहांनाही हा प्रश्न लागू पडतो. ५.५ ची सीमा ब्रिटन व अमेरिकेतील रुग्णांवरून आलेली आहे, ही गोष्ट भारतीय रुग्णालयांत तिचा अवलंब करताना विसरून चालणार नाही.

शस्त्रक्रिया सुलभ झाली म्हणून हा प्रश्न मिटला, असेही म्हणता येत नाही. १९९० साली ब्वेनोस आयरीस येथे पारोदी याने मांडीतील रोहिणीवाटे आतून अस्तर बसविण्याची पद्धत सुरू केली. २००४ च्या ब्रिटिश चाचणीत ह्या पद्धतीने तीस दिवसांतील मृत्यू १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेने ४.७ टक्के आढळले. धोका कमी झाला म्हणजे लहान विस्फारांवरही लवकर उपचार करणे हितकर ठरेल अशी अटकळ होती. पिव्होटल (२०१०) व सीझर (२०११) ह्या चाचण्यांनी ती खरी ठरविली नाही. यावरून असे दिसते की, उणीव अधिक कुशल हातांची नसून अधिक नेमक्या निवडीची आहे. आणि म्हणूनच प्रतिमाचित्रणाच्या संशोधनाचे महत्त्व कमी होत नाही.

तथापि ह्या संशोधनाकडून काही किमान अपेक्षा धरणे आवश्यक आहे. प्रतिमा विदारणापूर्वीच्या असाव्यात. निर्देशांकाची सीमा आधी जाहीर केलेली असावी आणि ती दुसऱ्या रुग्णसमूहावर तपासलेली असावी. व्यास, लिंग, धूम्रपान व रक्तदाब यांच्यापलीकडे त्याने किती भर घातली, हे सांगितले जावे. गृहीत धरलेली जाडी व सामर्थ्य बदलले असता उत्तर किती बदलते, हे आकड्यांत दाखवावे. आणि शेवटी, निर्देशांकावरून घेतलेल्या निर्णयाने रुग्णांचे आयुष्य वाढते काय, हे १९९८ च्या चाचणीने जसे विचारले तसेच विचारले जावे. आज संगणक विस्फाराची सीमारेषा काही क्षणांत आखू लागला आहे आणि यंत्रशिक्षणाच्या पद्धती प्रतिमेतून शेकडो वैशिष्ट्ये काढू लागल्या आहेत. वैशिष्ट्यांची संख्या वाढली की योगायोगाने जुळणाऱ्यांचीही संख्या वाढते; म्हणून ह्या कसोट्यांची गरज आता पूर्वीहून अधिक आहे.

व्यास हे ओबडधोबड माप आहे. परंतु हजारो रुग्णांच्या यादृच्छिक चाचण्यांत त्याची परीक्षा झालेली आहे. त्याच्या जागी येऊ पाहणारे निर्देशांक सिद्धांताच्या दृष्टीने अधिक समृद्ध असले, तरी त्यांची अशी परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. ती होईपर्यंत त्यांना व्यासाचे पूरक म्हणून, संशयास्पद प्रसंगी विचारात घ्यावयाचा एक साक्षीदार म्हणून, स्थान द्यावे. ५.८ सें.मी. चा विस्फार असलेल्या रुग्णाला केवळ प्रतिबल कमी आले म्हणून थांबण्यास सांगणे, किंवा ४.६ सें.मी. च्या रुग्णाला केवळ ते अधिक आले म्हणून शस्त्रक्रियेच्या मेजावर घेणे, ह्या दोन्ही निर्णयांची किंमत रुग्ण आपल्या प्राणाने चुकवू शकतो. अशा निर्णयाला सांप्रतचा पुरावा पुरेसा नाही.